वैद्य आणि त्याचे सहकारी
(आकाशवाणीवरील भाषण)

माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी एकच डॉक्टर होते. त्यांच्या दवाखान्यात शिरले म्हणजे समोर टेबल-खुर्ची, भिंतीला लागून रोग्यांसाठी एक लांब बाक, आणि मागे लाकडी पडद्याला पाडलेल्या चौकोनी खिडकीआड कंपाउंडर, अशी सारी मांडणी असे. डॉक्टर नाडी पाहत, जीभ पाहत, चिठ्ठीवर चार अक्षरे खरडीत आणि पुढच्या रोग्यास हाक मारीत. खरे संभाषण होई ते त्या खिडकीपाशी. लाल औषधाच्या बाटलीवर मात्रेच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवीत कंपाउंडर विचारी, 'काल रात्री काय खाल्लेत? झोप लागते का? घरात आणखी कोणी खोकते आहे काय?' आणि जी गोष्ट डॉक्टरांपुढे माणसाच्या ओठांबाहेर पडली नसेल ती तेथे सहज पडे. ते सर्व त्या खिडकीतून पुन्हा डॉक्टरांच्या कानी जात असे काय, हा प्रश्न त्या वयात मला सुचला नाही. पुढे शिक्षकाच्या पेशात पस्तीस वर्षे काढल्यावर सुचला. आणि वाचता वाचता असे आढळून आले की, हाच प्रश्न गेली शंभर वर्षे अनेक देशांतील विचारी माणसे निरनिराळ्या रीतींनी विचारीत आलेली आहेत. त्या विचारणेचा काही इतिहास आज सांगावयाचा आहे. मी वैद्यकातला नव्हे, मॅट्रिक झालेला एक शाळामास्तर आहे. तेव्हा औषधांविषयी मी काही बोलणार नाही. माणसांविषयी बोलणार आहे.

हा इतिहास मी १९२० सालापासून धरतो. पहिले महायुद्ध संपून इंग्लंडात १९१९ साली आरोग्याचे स्वतंत्र मंत्रिखाते निघाले होते. त्या खात्याच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड डॉसन हे लढाईच्या काळात फ्रान्समध्ये सैन्याच्या वैद्यकीय सेवेत राहिलेले गृहस्थ. त्यांनी १९२० साली एक अहवाल सादर केला. 'प्राथमिक आरोग्य केंद्र' हा आज आपल्या खेड्यापाड्यांतून रुळलेला शब्द त्या अहवालामुळे चलनात आला. गावच्या डॉक्टरांनी आपापल्या घरच्या खोलीत एकेकटे बसण्याऐवजी एका वास्तूत एकत्र यावे, परिचारिका व सुइणी त्यांच्या जोडीला असाव्यात, बिकट रोगी तेथून दुय्यम केंद्राकडे आणि तेथून अध्यापन करणाऱ्या मोठ्या रुग्णालयाकडे जावा, अशी ती पायऱ्यापायऱ्यांची योजना होती. योजना लोकांना पटली. परंतु ती अंमलात आली नाही आणि अहवाल कपाटात गेला.

कपाटातून तो बाहेर निघाला असे म्हणावयाचे तर ते हिंदुस्थानात, आणि तेही एका नाशिककराच्या हातून. सर जोसेफ भोर यांचा जन्म १८७८ साली नाशिकला झाला. पुण्याच्या बिशप्स हायस्कुलात व डेक्कन कॉलेजात शिकून ते सनदी नोकरीत शिरले. ते स्वतः डॉक्टर नव्हते, त्यांची पत्नी मात्र वैद्यकाची पदवीधर होती. दुसरे महायुद्ध ऐन भरात असता, १९४३ च्या ऑक्टोबरात, देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९४६ साली तिने आपला विस्तृत अहवाल दिला.

त्या अहवालातील एक कोष्टक मला फार बोलके वाटते. तत्कालीन ब्रिटिश हिंदुस्थानात डॉक्टर होते सुमारे ४७,५००. परिचारिका होत्या ७,०००, सुइणी ५,००० आणि घरोघर फिरणाऱ्या हेल्थ व्हिजिटर अवघ्या ७५०. म्हणजे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर, तर ४३,००० लोकांमागे एक परिचारिका! डॉक्टर कमी आहेत ही ओरड आपण नेहमी ऐकतो आणि ती खरीही होती. परंतु एकेका परिचारिकेमागे जवळजवळ सात डॉक्टर असावेत, ही स्थिती अधिक विलक्षण होती. सेनापती भरपूर आणि शिपाई नाहीत, अशातला तो प्रकार. तेव्हा भोर समितीने केवळ डॉक्टर वाढवा असे न म्हणता माणसांचा संचच आखून दिला. तूर्तातूर्त ४०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक केंद्र. त्यात २ डॉक्टर, ४ आरोग्य परिचारिका, रुग्णशुश्रूषेसाठी आणखी १ परिचारिका, ४ सुइणी, ४ शिकवून तयार केलेल्या दाया, २ स्वच्छता निरीक्षक, २ आरोग्य सहायक, १ औषधनिर्माता आणि इतर कामास १५ माणसे. बेरीज केली तर पस्तीस होते. पस्तिसांत डॉक्टर दोन! शिवाय डॉक्टरच्या शिक्षणात तीन महिने प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकासाठी राखून ठेवावेत, म्हणजे तो 'सामाजिक वैद्य' होईल, अशीही शिफारस होती.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. परंतु ४०,००० ऐवजी ६०,००० ते १,००,००० लोकवस्तीच्या एकेका विकासगटास एकेक केंद्र आले आणि पस्तिसांचा संच कागदावरच राहिला. १९६२ साली मुदलियार समितीने केंद्रांत माणसे अपुरी असल्याचे नमूद केले. शिवाय जी माणसे होती तीही एकमेकांस सामील नव्हती. हिवतापाचा कर्मचारी वेगळा, देवी टोचणारा वेगळा, कुटुंबनियोजनाचा वेगळा. एकाच घराच्या उंबऱ्यावर तिघे तीन दिवशी येत आणि तिघांनाही एकमेकांनी काय पाहिले याचा पत्ता नसे. १९७३ साली कर्तारसिंग समितीने ही निरनिराळी कामे एकत्र करून बहुउद्देशीय कर्मचारी नेमावा असे सुचविले, ते ह्याच कारणाने.

येथे एक हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मी ज्या गावी होतो तेथे आरोग्य उपकेंद्राच्या नर्सबाई शाळेशेजारीच राहत. मोठ्या साक्षेपी बाई. प्रत्येक गरोदर स्त्रीची नोंद त्यांच्या वहीत असे. माझ्या एका विद्यार्थिनीची थोरली बहीण पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. तिचे पाय व चेहरा सुजलेला पाहून बाईंनी तसे वहीत लिहिले, तांबड्या शाईने अधोरेखित केले. ती वही दर शनिवारी केंद्रात जाई, डॉक्टरांची सही घेऊन परत येई. तीन शनिवार ती तशी गेली आणि आली. चौथ्या आठवड्यात त्या मुलीला झटके आले आणि बैलगाडीतून नेताना वाटेतच ती गेली. पुढे कित्येक दिवसांनी बाई मला म्हणाल्या, "गुरुजी, मी लिहिलं होतं हो." मी विचारले, "तोंडी का नाही सांगितलंत?" तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेबांसमोर आम्ही उभ्या असतो. विचारलं तर बोलायचं." डॉक्टर दुष्ट नव्हते. रोज दीडशे रोगी तपासून थकलेले, गावात एकटेच पडलेले तरुण गृहस्थ होते ते. वहीवर सही करावयाची असते, ती वाचावयाची असते हे त्यांना कोणी शिकविलेच नव्हते.

आणि कोण शिकविणार? १९६१ साली केर व्हाइट ह्या अमेरिकन डॉक्टराने आपल्या दोघा सहकाऱ्यांसह एक साधा हिशेब प्रसिद्ध केला. एक हजार प्रौढ माणसे घ्या. एका महिन्यात त्यांतल्या ७५० जणांना काही ना काही दुखणे होते. २५० डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात. आणि विद्यापीठाच्या रुग्णालयात पोहोचतो तो फक्त एक. वैद्यकाचा विद्यार्थी आपली सारी विद्या त्या एकावर शिकतो. उरलेले सातशे एकोणपन्नास त्याच्या शिक्षणात येतच नाहीत, आणि त्यांची देखभाल करणारी माणसेही येत नाहीत.

येथवरचा इतिहास अहवालांचा झाला. प्रयोग करून पाहण्याचे श्रेय कॅनडातील बर्लिंग्टन ह्या गावास जाते. ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठी, हॅमिल्टन शहराशेजारी हे गाव आहे. तेथे दोन डॉक्टरांची भागीदारीत प्रॅक्टिस होती. रोग्यांची इतकी गर्दी की नवीन कुटुंबे घेणे त्यांनी थांबविले होते. त्यांच्याकडच्या दोन परिचारिका मॅक्मास्टर विद्यापीठात जादा शिक्षण घेऊन आल्या. नुसते इंजेक्शन देणे, वजन करणे एवढ्यावर न थांबता रोग्यास प्रथम तपासावे, काय करावयाचे ते ठरवावे आणि जरूर वाटेल तेव्हाच डॉक्टरास बोलवावे, असे हे शिक्षण होते. मग १९७१ च्या जुलैपासून एक वर्ष एक प्रयोग झाला. त्या प्रॅक्टिसमधील १,५९८ कुटुंबांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटणी केली गेली. १,०५८ कुटुंबे पूर्वीप्रमाणे डॉक्टरांकडे, ५४० कुटुंबे परिचारिकांकडे. वाटणीत कोणाची निवड नाही, वशिला नाही. म्हणूनच त्या प्रयोगास किंमत.

वर्षाअखेर काय दिसले? परिचारिकांकडे आलेल्या शंभर भेटींपैकी सदुसष्ट त्यांनी डॉक्टरास न विचारता निभावल्या. लोकांची प्रकृती, हिंडणेफिरणे, मनाचे स्वास्थ्य, मृत्यू, कोणत्याही मापाने पाहिले तरी दोन्ही गटांत फरक आढळला नाही. काही ठराविक दुखण्यांत उपचार योग्य झाले की नाही याची तज्ज्ञांनी ठरविलेल्या कसोट्यांवर तपासणी झाली. डॉक्टरांच्या गटात ६६ टक्के प्रसंगी ते योग्य ठरले, परिचारिकांच्या गटात ६९ टक्के. (पहिल्या आकड्याकडे पाहून मला डॉक्टरांविषयी आदरच वाटला. आमच्या शाळेची अशी निःपक्षपाती तपासणी कोणी केली असती तर काय टक्केवारी निघाली असती, देव जाणे.) लोकांची तक्रार नव्हती. प्रॅक्टिसमध्ये २२ टक्के अधिक कुटुंबांना जागा झाली. १९७४ साली हे सर्व न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन ह्या मान्यवर नियतकालिकात छापून आले.

परंतु त्याच लेखात एक ओळ अशी होती की, जीवर आमच्यासारख्यांनी लक्ष ठेवावे. काम वाढूनही प्रॅक्टिसचे एकूण उत्पन्न ५ टक्क्यांनी घटले होते. कारण सरळ होते. सरकारी विमा योजना डॉक्टरने तपासले तर फी देई. परिचारिकेने एकटीने तपासले तर त्याचे बिलच करता येत नसे. समाजाच्या दृष्टीने फायदा, पण ज्या दोन डॉक्टरांनी आपले काम वाटून दिले त्यांच्या खिशाला चाट. हा नियम काही लवकर बदलला नाही. त्यातच पुढे डॉक्टरांची संख्या वाढली, आणि १९८३ च्या सुमारास कॅनडातील अशा परिचारिकांचे बहुतेक शिक्षणवर्ग बंद पडले. ते पुन्हा जोमाने सुरू होण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. प्रयोग यशस्वी झाला म्हणजे तो रूढ होतो, अशी माझी भाबडी समजूत होती; ती बर्लिंग्टनची कथा वाचून गेली.

आता आपल्याकडे येऊ. मसुरीजवळ लंढौर येथे १९१६ साली जन्मलेल्या कार्ल टेलर नावाच्या डॉक्टराने १९६० च्या दशकात पंजाबात लुधियाना जिल्ह्यातील नारंगवाल येथे संशोधनकेंद्र चालविले. गावात राहणाऱ्या आरोग्यसेविकेकडे कोणकोणती कामे विश्वासाने सोपविता येतील, याची तेथे पद्धतशीर पारख झाली. लहान मुलाच्या न्यूमोनियावर तिने वेळीच पेनिसिलिन दिले तर मुले वाचतात, असेही तेथे दिसले. टेलर पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकवीत. त्यांच्या शिष्यांत महाराष्ट्रातील दोन जोडपी निघाली, ही आपल्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट होय.

पहिले जोडपे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. दोघेही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काही वर्षे काम करताना त्यांच्या ध्यानात आले की, आपण बरे करून पाठवितो तीच माणसे त्याच दुखण्याने परत येत आहेत. अमेरिकेतून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आल्यावर १९७० साली त्यांनी त्याच जिल्ह्यातील जामखेड हे अवर्षणग्रस्त ठिकाण निवडले. आरंभी त्यांचा विचार सर्वांना सुचेल तोच होता : प्रशिक्षित नर्स गावात ठेवावी. तो फसला. परगावची तरुण नर्स गावात एकटी राहण्यास धजेना, आणि गावच्या बायाही तिच्याशी मोकळेपणी बोलेनात. तेव्हा गावानेच आपल्यातली एखादी संसारी, पोक्त बाई निवडून द्यावी आणि तिला शिकवावे, असे ठरले. निवडून आलेल्यांत पुष्कळ निरक्षर होत्या, पुष्कळ दलित होत्या. दर आठवड्यास त्या जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत, शिकत आणि परत जाऊन गावात ते करून दाखवीत.

येथे डॉक्टरचे काम कसे बदलले ते पाहण्यासारखे आहे. जो डॉक्टर रोगी तपासून चिठ्ठी देत होता तो आता आठवड्यातला बराच वेळ ज्यांना अक्षरओळख नाही अशा बायांना शिकविण्यात, आणि त्याहून अधिक, त्यांचे ऐकण्यात घालवू लागला. कोणत्या घरी पोर जुलाबाने सुकले आहे, कोणती सून उपाशी आहे, कोणत्या वस्तीवर पाणी कोणी भरू देत नाही, हे त्यांच्याखेरीज कोणास ठाऊक असणार? शाळेतही असेच असते. कोणता मुलगा घरून न जेवता आला आहे हे मुख्याध्यापकाच्या आधी शिपायास कळते. आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास, १९७८ च्या सप्टेंबरात, अल्मा-आटा येथील जागतिक परिषदेने डॉक्टर, परिचारिका, सुइणी आणि गावचे आरोग्यसेवक यांनी एक संघ म्हणून काम करावे असे जाहीर केले होते. मेबल आरोळे १९९९ साली व रजनीकांत आरोळे २०११ साली निवर्तले. जामखेड भागातील गावे व शेजारची इतर गावे यांची तुलना करणारा एक अभ्यास २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला. पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका जामखेडच्या गावांत ३० टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात दिसून आले.

दुसरे जोडपे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. गडचिरोलीत त्यांनी केलेले काम मराठी वाचकास परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. लहान मुलाचा श्वास मिनिटास किती वेळा चालतो यावरून न्यूमोनिया ओळखता येतो. पण ज्या दाईला पुढचे आकडे मोजता येत नाहीत तिने काय करावे? त्यांनी मणी आणि वाळूचे घड्याळ एकत्र बसविलेले एक साधन केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी ठरलेले मणी सरकले तर तो न्यूमोनिया. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, ज्या गावांत हे उपचार झाले तेथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. पुढे नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत झाला, ४७ गावे तुलनेस ठेवली होती. गावच्या बाईच्या हाती इंजेक्शनची सुई देण्यास पुष्कळ डॉक्टरांचा विरोध होता. तिसऱ्या वर्षाअखेर नवजातांचे मृत्यू तुलनेने ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. ज्या सुईविषयी वाद होता तिनेच पोरे जगविली, असे मी म्हणणार नाही. घरोघरच्या भेटी, ऊब, स्तनपान, सर्वांचा तो परिणाम. २०११ साली केंद्र सरकारने 'आशा' कार्यकर्तीमार्फत नवजातांच्या गृहभेटी देशभर सुरू केल्या, त्यांचे मूळ येथे आहे.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॉक्रेन नावाची एक आंतरराष्ट्रीय संस्था जगभरचे प्रयोग गोळा करून त्यांची छाननी करीत असते. प्राथमिक सेवेत डॉक्टरऐवजी परिचारिकेने रोगी पाहण्याचे १८ प्रयोग तिने २०१८ साली तपासले. परिणाम डॉक्टरांइतकेच चांगले, क्वचित सरस, मात्र परिचारिका वेळ अधिक घेतात, असे निघाले. पण निरनिराळ्या पेशांच्या माणसांना एकत्र बसविणे, सभा घेणे, याद्या करणे, ह्यांनी संघभावना वाढून रोग्याचे बरे होते काय, हे पाहू गेल्यास २०१७ साली तिला जेमतेम ९ अभ्यास सापडले, आणि त्यांवरून ठाम काही सांगता येईना. काम वाटून देणे मोजता येते. एकमेकांचे ऐकणे मोजणे कठीण आहे.

२०१८ सालापासून आपल्याकडील उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. त्यांत परिचर्येचे शिक्षण घेतलेले आहेत, आयुर्वेदाचे पदवीधर आहेत. सर्व संघास मिळून कामाचा मोबदला देण्याचीही योजना आहे. बर्लिंग्टनच्या पाच टक्क्यांचा धडा कोणीतरी वाचला असावा असे त्यावरून वाटते. आशा मात्र अजून 'स्वयंसेविका'च म्हटली जाते आणि तिला मिळते ते मानधन.

मध्यंतरी मी माझ्या जुन्या नोकरीच्या गावी गेलो होतो. उपकेंद्राची इमारत नवी झाली आहे. तांबड्या शाईच्या वहीच्या जागी आता काचेची पाटी आली आहे. धोक्याच्या बाईचे नाव तीत भरले की ते केंद्रातील डॉक्टरांना दिसते, असे तेथील तरुण नर्सबाईने मला कौतुकाने दाखविले. मी विचारले, "दिसतं खरं, पण ते पाहतात का?" ती म्हणाली, "आधीचे साहेब नव्हते पाहत. आत्ताच्या मॅडम संध्याकाळी फोन करतात, आणि आधी मला बोलू देतात."